‘मंगोल’ (२००७): टोळी दिसते, फौज दिसत नाही

सेर्गेइ बोद्रोव या रशियन दिग्दर्शकाचा ‘मंगोल’ लावणाऱ्याच्या डोळ्यांसमोर बहुधा ठरलेली दृश्यं असतात: घोडेस्वारांचे लोंढे, पेटलेली शहरं, समरकंद, कीव्ह, बगदाद. यातलं काहीही या चित्रपटात नाही. गोष्ट थांबते तेव्हा तेमुजिनला चंगीझ खान ही पदवीसुद्धा मिळालेली नसते. उत्तर चीनच्या जिन साम्राज्यावरची स्वारी १२११ची, मध्य आशियातल्या ख्वारझमवरची १२१९ची, रशियातलं र्‍याझान पडलं ते १२३७मध्ये आणि बगदाद १२५८मध्ये. हे सगळं पडद्यावरची शेवटची चौकट गेल्यानंतरचं. मंगोल स्वाऱ्यांवरचा साहसपट म्हणून पाहिलात तर फसगत होईल. त्या स्वाऱ्या ज्याच्या नावानं ओळखल्या जातात त्याच्या पहिल्या तीस-पस्तीस वर्षांची गोष्ट म्हणून पाहिलात तर हाती बरंच लागेल. पण अर्धंच. टोळीतलं जगणं बोद्रोवला नेमकं कळलं आहे. त्या टोळ्यांची फौज कशी झाली, या प्रश्नापाशी आल्यावर मात्र तो डोळे मिटून उडी मारतो.

आधी जुजबी माहिती. लांबी साधारण दोन तास. संवाद मुख्यतः मंगोल भाषेत, काही चिनीत. तेमुजिनच्या भूमिकेत जपानी नट तादानोबू आसानो, जमुखाच्या भूमिकेत चिनी नट सुन होंगलेइ, आणि तेमुजिनची बायको बोर्ते झाली आहे मंगोलियाची खुलान चुलून. चित्रीकरण कझाखस्तानात आणि चीनच्या अंतर्गत मंगोलिया प्रांतात झालं. कझाखस्तानच्या वतीनं चित्रपट ऑस्करला गेला आणि परभाषिक विभागात नामांकनापर्यंत पोहोचला. तीन चित्रपटांच्या मालिकेतला पहिला, अशी मूळ योजना होती. पुढचे दोन आले नाहीत, आणि त्याचे चटके या पहिल्या भागाला बसतात, कारण बऱ्याच गोष्टी पुढे बघू म्हणून सोडून दिल्यासारख्या वाटतात.

सुरुवात ११९२मध्ये, चीनच्या वायव्येकडच्या तांगुत राज्यातल्या एका तुरुंगात. तिथून कथा वीस वर्षं मागे जाते. नऊ वर्षांचा तेमुजिन बाप येसुगेइबरोबर बायको निवडायला निघाला आहे. निवड व्हायची असते मर्किट टोळीत, कारण येसुगेइनं तेमुजिनच्या आईला, होएलुनला, मर्किटांकडूनच पळवून आणलेलं असतं आणि ते जुनं वैर त्याला मिटवायचं असतं. वाटेत एका ओळखीच्या वस्तीवर मुक्काम पडतो आणि तिथली दहा वर्षांची बोर्ते स्वतःच त्याला सांगते की मला निवड. या एका निवडीचे परिणाम सबंध चित्रपटभर पुरतात. ज्या ‘मंगोलांच्या गुप्त इतिहासा’वर, म्हणजे तेराव्या शतकातल्या मंगोल ग्रंथावर, ही कथा उभी आहे त्यात मर्किटांशी सोयरीक करायचा बेत नाही, ती पटकथेची भर. पण होएलुनला पळवल्याची गोष्ट तिथे आहे, बोर्ते एक वर्षानं मोठी असल्याचंही आहे. पटकथेनं दोन टोकं जोडून टाकली आणि ती जोडणी चोख बसली: एका पिढीत केलेलं अपहरण पुढच्या पिढीत व्याजासकट परत येतं.

चित्रपटाचा पहिला तास का जमला आहे, तर त्यात राजकारण व्यवहारातून दिसतं. येसुगेइ वाटेत तातारांच्या तळावर थांबतो. तातार वैरी आहेत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तरीही त्यांनी पुढे केलेलं पेय तो नाकारत नाही, कारण यजमानानं दिलेलं वाटसरूनं नाकारायचं नाही हा माळावरचा रिवाज. विष त्यातूनच जातं. तो मेला की त्याचेच लोक त्याच्या विधवेचं घर धुऊन नेतात. त्याच्याच हाताखालचा तारगुताइ जनावरं, तंबू, भांडीकुंडी सगळं हाकून नेतो आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. सरदार गेला, निष्ठा संपली. रक्षण करणारा हात उरला नाही तर माल ज्याचा हात पोहोचेल त्याचा. पुढे चंगीझ खाननं ज्या एका गोष्टीवर आयुष्यभर घाव घातले ती ही, आणि भाषणबाजी न करता ती पाच मिनिटांत प्रेक्षकाच्या अंगावर येते.

मग येतो गळ्यातला लाकडी खोडा. मान आणि दोन्ही मनगटं एकाच फळीत अडकवणारा. तो घातलेल्या माणसाला स्वतःच्या हातानं घास तोंडात घालता येत नाही. या भागात मूळ ग्रंथ चित्रपटापेक्षा जास्त थरारक आहे, हे सांगायला हवं. तिथे तेमुजिनला रोज रात्री वेगळ्या तंबूत ठेवतात. उन्हाळ्यातल्या सणाच्या रात्री पहाऱ्यावर एक किडकिडीत पोरगा असतो. तेमुजिन खोड्याचीच धार त्याच्या डोक्यात घालतो, पळतो आणि ओनोन नदीत फक्त चेहरा वर ठेवून पडून राहतो. सोर्कान-शिरा नावाचा माणूस त्याला पाहतो, पण बोलत नाही. त्याची मुलं खोडा फोडून जाळतात आणि तेमुजिनला लोकरीनं भरलेल्या गाडीत लपवतात. निघताना त्याला एक वांझ घोडी, शिजवलेलं कोकरू, धनुष्य आणि दोनच बाण मिळतात. खोगीर नाही, चकमक नाही. दोन बाणांत लढाई करता येत नाही आणि चकमक नसली की वाटेत चूल पेटवून थांबता येत नाही. म्हणजे सरळ घर गाठायचं. इतका तयार मसाला हाताशी असताना बोद्रोव सुटकेला दैवी स्पर्श देतो: डोंगर, प्रार्थना, तेंग्री या आभाळदेवाची कृपा, लांडगा. दिसायला देखणं आहे. पण एका गरीब माणसानं जीव धोक्यात घालून केलेली मदत गेली, आणि तेमुजिनच्या पुढच्या कारकिर्दीचा पाया अशाच माणसांचा होता.

बोर्तेच्या अपहरणाचं दृश्य मात्र मुळापासून बदललं आहे आणि तो बदल फार हुशारीचा. ग्रंथात मर्किट पहाटे चालून येतात तेव्हा घरच्या घोड्यांवर आई, भाऊ, सोबती चढतात, एक घोडा जादा म्हणून बरोबर घेतला जातो, आणि बोर्तेसाठी घोडा उरत नाही. तिला म्हातारी दासी बैलगाडीत लपवते, वाटेत आस मोडतो, सैनिक गाडी उघडून बघतात आणि ती सापडते. थोडक्यात, नवरा बायकोला मागे टाकून डोंगरात पळाला. पडद्यावर तेमुजिनला बाण लागतो. तो घोड्यावर लटकलेला आहे. बोर्ते घोड्याला चाबूक मारून त्याला पिटाळते आणि स्वतः मागे राहते. नायकाची लाज झाकली गेली हे खरं. पण त्याच फटक्यानं बोर्ते या कथेची खरी कर्ती झाली. चित्रपटात निर्णय घेणारं माणूस ती आहे. नवरा ती निवडते, त्याला वाचवते ती, पुढे तुरुंगातून सोडवतेही तीच.

मर्किटांवर उलटून जाण्यासाठी तेमुजिन आपल्या मानलेल्या भावाकडे, जमुखाकडे, मदत मागतो. बायकोसाठी मंगोल लढाईला जात नाहीत, हे जमुखाचं म्हणणं; तरी तो तयार होतो. ग्रंथात या मोहिमेचा खरा आधार दुसराच आहे आणि तो चित्रपटात औषधालाही नाही: केरेइत टोळीचा प्रमुख तोगरुल. बोर्तेच्या माहेराहून सासूसाठी काळ्या सेबल प्राण्याच्या फरचा डगला आहेर म्हणून आलेला असतो. घरातली तीच एक किमती वस्तू. तेमुजिन भावांना घेऊन तूल नदीकाठी जातो आणि तो डगला तोगरुलला देतो, कारण येसुगेइ आणि तोगरुल मानलेले भाऊ होते. बायकोच्या आहेरातून राजाश्रय विकत घेणं, हा त्याच्या आयुष्यातला पहिला मोठा राजकीय सौदा. त्या बळावर तोगरुलचे वीस हजार आणि जमुखाचे वीस हजार स्वार निघाले असं ग्रंथ सांगतो. आकडे फुगवलेले असणार, पण प्रमाण कळतं. तोगरुल काढून टाकल्यावर उरते दोन मित्रांची गोष्ट. नाट्य वाढतं, तेमुजिन मात्र हिशेबी राजकारण्याचा भोळा प्रेमिक होऊन बसतो.

असाच दुसरा गाळलेला भाग म्हणजे बेख्तेर. सावत्र भावानं मासा आणि पक्षी हिसकावला म्हणून पोरवयातल्या तेमुजिननं सख्खा भाऊ खासारच्या साथीनं त्याला बाण घालून मारलं. होएलुननं त्यावर दोघांची जी हजेरी घेतली ती ग्रंथातल्या सर्वांत जळजळीत उताऱ्यांपैकी आहे. चित्रपटानं हा प्रसंग वगळला यात नवल नाही. भावाला मारणारा मुलगा प्रेक्षकाच्या सहानुभूतीत बसत नाही. पण मग जो उरतो तो सोसणाराच जास्त. खोडा, बर्फाखालचं पाणी, बाण, गुलामी, पिंजरा, हे सगळं त्याच्या वाट्याला येतं. त्यानं स्वतःहून केलेलं क्रूर असं फारसं काही शेवटपर्यंत दिसत नाही.

पहिल्या तासातली सर्वांत मोलाची जागा म्हणजे मर्किटांवरच्या विजयानंतरची लुटीची वाटणी. जुन्या पद्धतीत लुटीचा मोठा वाटा सरदाराचा आणि ज्यानं जे ओढलं ते त्याचं. तेमुजिन आपल्या माणसांना हात राखून देत नाही. जमुखाचे काही लोक हे पाहतात आणि निघताना तेमुजिनच्या मागे जातात. जमुखाला मित्र गमावल्याचं दुःख नंतर होतं, आधी माणसं गमावल्याचा राग येतो. हे अगदी बरोबर आहे. पुढे १२०२मध्ये तातारांवर जाताना तेमुजिननं याचा नियमच केला: शत्रू पूर्ण मोडेपर्यंत कुणी लुटीसाठी थांबायचं नाही, वाटणी नंतर होईल. त्याच्याच घराण्यातल्या तिघा वडीलधाऱ्यांनी तो मोडला, तर त्यांच्याकडून माल काढून घेतला. वरवर हा न्यायाचा प्रश्न वाटतो, पण त्याला युद्धशास्त्राचं अंग आहे. स्वार लुटीला उतरले की पाठलाग थांबतो, पळालेला शत्रू परत जमतो आणि तीच लढाई पुढच्या हंगामात पुन्हा लढावी लागते. चित्रपट या नियमाच्या उंबऱ्यापर्यंत येतो. आणि तिथेच वळून तांगुतांच्या तुरुंगात जातो.

तांगुत भाग हा चित्रपटातला सर्वांत धाडसी कल्पनाविलास. जमुखाकडून हरलेला तेमुजिन गुलाम म्हणून विकला जातो, तांगुत शहरात त्याला पिंजऱ्यात प्रदर्शनाला ठेवतात. एक वृद्ध बौद्ध भिक्षू त्याच्यात राज्याचा नाश पाहतो आणि मठ वाचवण्याचं वचन मागतो. बदल्यात तो तेमुजिनची खूण म्हणून एक लहानसं हाड घेऊन बोर्तेकडे निघतो. इतिहासात याला आधार आहे का? थेट नाही. पण ही जागा रिकामी होती हे खरं. जमुखाशी दालान बाल्जुत इथे झालेला पराभव ११८७च्या सुमाराचा, आणि तेमुजिन पुन्हा नोंदींत ठळकपणे दिसतो तो ११९६च्या तातार मोहिमेत. मधली नऊ-दहा वर्षं ग्रंथ मुकाट्यानं ओलांडतो. दक्षिण चीनच्या सुंग दरबाराचा दूत चाओ हुंग यानं १२२१च्या सुमारास लिहिलेल्या अहवालात तेमुजिन दहाएक वर्षं जिन लोकांचा बंदी होता असं म्हटलं आहे. म्हणजे कैदेची कल्पना हवेतून आलेली नाही, पटकथेनं फक्त कैद करणारा बदलला. बौद्ध धर्माला तांगुत राज्यात राजाश्रय होता, त्यामुळे भिक्षूही उपरा वाटत नाही.

कैद करणारा बदलण्यात नाट्याचा फायदा आहे, कारण तांगुतांचा शेवट खरोखरच चंगीझ खानच्या हातून झाला. १२०५पासून छापे, १२०९मध्ये राजधानीला वेढा. त्या वेढ्यात मंगोलांनी नदीचं पाणी बांध घालून शहरावर वळवलं, बांध फुटला आणि पाणी त्यांच्याच तळात शिरलं. तरी तांगुत राजानं मुलगी देऊन तह केला. १२२७मध्ये शेवटची मोहीम चालू असतानाच चंगीझ खान मेला आणि त्याच सुमारास ते राज्यही संपलं. मठ मात्र वाचला, असं चित्रपट शेवटच्या पाटीवर सांगतो. ती कथेची सोय समजून सोडून द्यावी.

आता मुख्य तक्रार. बोर्ते त्याला सोडवते. तो डोंगरावर जाऊन तेंग्रीसमोर उभा राहतो आणि सगळ्या मंगोलांना एक करण्याची प्रतिज्ञा करतो. पुढच्या प्रसंगात त्याच्यापाठी सैन्य उभं असतं. कुठून आलं? कुणी बोलावलं? खायला काय घातलं? घोडे कुणाचे? एकाही प्रश्नाचं उत्तर नाही. काल पिंजऱ्यात असलेला माणूस आज सेनापती. मंगोल स्वाऱ्यांचं सगळं रहस्य नेमकं या कापलेल्या जागेत होतं.

ते रहस्य फार गूढ नाही. दहा स्वारांची एक तुकडी, दहा तुकड्यांचं शतक, दहा शतकांचं सहस्र, दहा सहस्रांचं तुमेन. दशमानाची ही पद्धत स्टेपच्या गवताळ माळावर जुनीच होती. नवं होतं ते भरतीचं तत्त्व. हरलेल्या टोळ्या फोडून त्यांची माणसं वेगवेगळ्या सहस्रांत वाटली गेली, तुकडी सोडून दुसरीकडे जायला बंदी आली आणि नेमणुका घराणं न पाहता होऊ लागल्या. १२०६च्या कुरिलताइत, म्हणजे सरदारांच्या सभेत, अशी पंच्याण्णव सहस्रं मांडली गेली आणि खानच्या स्वतःच्या रक्षकदलाची संख्या दहा हजारांवर नेली. ते रक्षकदल म्हणजे नुसता पहारा नव्हता. सरदारांची मुलं तिथे असत, त्यामुळे ती ओलीसही होती आणि पुढच्या सेनापतींची शाळाही. जोडीला नेर्गे नावाची हिवाळी शिकार: हजारो स्वारांचं कडं, ते दिवसेंदिवस आवळत न्यायचं, मधलं जनावर निसटलं तर त्या जागेच्या स्वारांना शिक्षा. खुणांवर हालणं, अंतर राखणं, घाई न करणं हे सारं मंगोल स्वार लढाईआधी शिकारीत शिकत. यातलं एकही दृश्य चित्रपटात नाही. प्रतिज्ञेऐवजी नेर्गेची दहा मिनिटं दाखवली असती तरी पुढची लढाई पटली असती.

ती लढाई दिसायला जबरदस्त आहे, यात वाद नाही. तेमुजिनकडून चेहरे झाकलेले, दोन्ही हातांत तलवारी घेतलेले स्वार आधी सुटतात आणि समोरच्या घोडदळाला दोन्ही बाजूंनी कापत जातात. मग बाणांचा मारा. रक्ताचे थेंब संगणकानं हवेत तरंगवले आहेत, ते आज थोडे जुनाट दिसतात. पण दोन तलवारींचं काय? लगाम सोडून मांड्यांनी घोडा वळवणं मंगोल स्वाराला जमत असे. धावत्या घोड्यावरून बाण मारायचा तर दोन्ही हात मोकळे लागतातच. अडचण पुढे आहे. भरधाव घोड्यावरून मारलेलं पातं हाडात अडकलं की मनगट तरी जातं किंवा तलवार तरी, आणि दोन्हीकडून वार करणाऱ्याला ढालीला हात उरत नाही. त्यातून, तलवार ही पैसेवाल्याची वस्तू होती. १२४६मध्ये मंगोल दरबारी पोहोचलेला इटालियन पाद्री कार्पिनी प्रत्येक सैनिकाकडे काय असावं लागे ते लिहून ठेवतो: दोन-तीन धनुष्यं किंवा निदान एक चांगलं, बाणांनी भरलेले तीन मोठे भाते, एक कुऱ्हाड आणि वेढ्याची यंत्रं ओढायला दोर. एका बाजूला धार असलेली किंचित वाकडी तलवार श्रीमंतांकडे. भाल्याच्या मानेला आकडा असे, समोरच्याला खोगिरावरून खेचून पाडायला. तो दोर या यादीतली सर्वांत बोलकी वस्तू आहे. सामान्य स्वाराच्या सामानातच वेढ्याची तयारी होती.

लढाईच्या ऐन मध्यावर वादळ येतं. विजा कडाडतात, दोन्हीकडचे सैनिक जमिनीला चिकटतात, एकटा तेमुजिन ताठ उभा राहतो. हा प्रसंग अनेकांना बाळबोध वाटतो, पण त्यामागे अभ्यास आहे. १२५३ ते १२५५ या काळात मंगोलांच्या मुलखात फिरलेला फ्लेमिश पाद्री रुब्रुक लिहितो की गडगडाट झाला की हे लोक परक्यांना तंबूबाहेर काढतात आणि काळ्या नमद्यात गुंडाळून घेऊन बसतात. आणि ग्रंथातली १२०१ची कोयितेनची लढाईही वादळातलीच. तिथे जमुखाच्या बाजूचे लोक मंत्रानं पाऊस आणायला जातात आणि ते वादळ त्यांच्यावरच उलटतं. घोडे दऱ्यांत कोसळतात, आभाळ आपल्यावर रुसलं म्हणत फौज पांगते. बोद्रोवनं कोयितेन आणि नंतरचा जमुखाचा अखेरचा पराभव एकत्र करून ११९६च्या आसपास आणून ठेवला आहे.

वादळात एक साधी अडचण मात्र सगळे विसरले. मंगोल धनुष्य संयुक्त: मध्ये लाकूड, पोटाच्या बाजूनं शिंग, पाठीवर जनावराचे स्नायुतंतू, आणि हे सगळं धरून ठेवणारा सरस. तंतूंचे थर एकावर एक चढवायचे, प्रत्येक थर वाळू द्यायचा, म्हणून एक धनुष्य बनायला महिनोन्‌महिने जातात. सरसाचं वैर पाण्याशी. ओल धरली की सांधे सैलावतात, ओढ कमी होते, आणि तशा अवस्थेत पूर्ण ताणलं तर धनुष्याच्या दोन्ही बाजू पिळवटून ते निकामी होतं. म्हणून बाहेरून भूर्जाची साल आणि कमरेला चामडी धनुष्यकोश. मुसळधार पावसात मंगोल फौजेचं मुख्य हत्यार कोशातच राहणार आणि लढाई थंडावणार, मग मन कितीही निर्भय असो. तेमुजिनच्या धैर्यापेक्षा धनुष्यांच्या सरसानं त्या दिवसाचा निकाल ठरवला असता, असं दृश्य कुणी लिहील तेव्हा लिहील.

शेवटाजवळ तारगुताइला त्याचेच लोक मारून प्रेत घेऊन येतात आणि तेमुजिन त्या लोकांनाच ठार करायला लावतो: आपल्या खानाशी दगा करणाऱ्याला जागा नाही. प्रसंग खरा आहे, माणसं बदलली आहेत. ग्रंथात असा दगा जमुखाशी झाला, आणि दगेखोरांचं डोकं उडवलं गेलं ते त्याच्या डोळ्यांदेखत. जमुखाला स्वतःलाही रक्त न सांडता मृत्यू दिला गेला. चित्रपट त्याला सोडून देतो, बहुधा पुढच्या भागासाठी राखून. प्रतिज्ञेतले नियम मात्र खटकतात: बायका-मुलांना मारायचं नाही, कर्ज फेडायचं, खानाशी दगा नाही. शेवटचे दोन ठीक. पहिल्याचं काय करायचं? १२०२मध्ये हरलेल्या तातारांतल्या पुरुषांना गाडीच्या चाकाशी उभं करून मापलं गेलं, आणि आसाच्या खिळीपेक्षा उंच असलेल्यांना मारायचं ठरलं. गाडीच्या चाकाची खिळी किती उंचीवर असते याचा अंदाज घेतला की त्यात मुलं किती आली ते कळतं. निशापूर आणि मर्व या शहरांतल्या कत्तलींची गोष्ट तर दूरच.

अभिनयात सुन होंगलेइ सगळ्यांच्या पुढे. त्याचा जमुखा उर्मट आहे, गमत्या आहे, मान मोडत बोलतो आणि हरल्यावरही खोलीतला सर्वांत मोठा माणूस वाटतो. आसानो शांत, जवळजवळ गोठलेला. कैदेच्या भागात ते शोभतं, सेनापती झाल्यावर अपुरं पडतं. या दोघांचीही मातृभाषा मंगोल नाही, आणि ज्यांना ती भाषा कळते त्यांच्या कानाला हे जाणवतं. खुलान चुलून मात्र एका नजरेत पूर्ण प्रसंग पेलते. रोगियर स्टॉफर्स आणि सेर्गेइ त्रोफिमोव्ह यांच्या छायाचित्रणाबद्दल दुमत होणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवावं की तेमुजिनचा खरा मुलूख ओनोन-खेरलेनचा, खेन्तीच्या डोंगरांचा. तिथे लार्च आणि बर्चची जंगलं आहेत, नद्या बारमाही आहेत. पडद्यावर दिसणारा बराचसा मुलूख त्याहून उघडा आणि कोरडा आहे. तुओमास कान्तेलिनेनच्या पार्श्वसंगीतात अल्तान उराग या मंगोल वाद्यवृंदाचे सूर आहेत, आणि ते जिथे पुढे येतात तिथे चित्रपट एकदम आपल्या जागी येतो.

पाहणार असाल तर मंगोल संवाद आणि उपशीर्षकं असलेलीच आवृत्ती घ्या. डब केलेल्या आवाजात जमुखाची निम्मी गंमत जाते. फोनवर पाहू नका. दूरच्या चौकटीत स्वार मुंगीएवढे आहेत आणि कोण कुणाकडून येतं हे मोठ्या पडद्याशिवाय कळत नाही. काळाच्या उड्या पाट्यांवरच कळतात, तेव्हा सालाची पाटी चुकवू नका. येसुगेइ बाप, होएलुन आई, तारगुताइ घर लुटणारा, जमुखा मानलेला भाऊ, एवढी चार नावं आधी डोक्यात ठेवली की गोंधळ होत नाही. कापाकापी भरपूर आहे, लहान मुलावरचे अत्याचार आहेत. बारा-तेरा वर्षांच्या आतल्यांना बसवू नये. मध्यंतर घ्यायचं तर मर्किटांवरच्या छाप्यानंतर लुटीची वाटणी संपते तिथे घ्या, कारण त्यानंतर थेट तुरुंगापर्यंत थांबायला जागा नाही.